सतरा सेंटिमीटर

श्रावण नुकताच लागला होता. रविवारची सकाळ, बाहेर झोडपून पाऊस, आणि दारात एक गृहस्थ मोटरसायकल लावून उभे. कर्जतच्या पुढे कशेळ्याच्या बाजूला त्यांचं गाव. अंगावरचा रेनकोट खांद्यावर फाटलेला, पाणी कोपरापासून निथळतंय, पण पोटाशी धरलेली प्लास्टिकची पिशवी मात्र कोरडी ठणठणीत. ती पिशवी पाहिली आणि मला कळलं. टाटाची फाईल माणसं अशीच धरतात.

"ताई, तुमच्या पायात लोखंड बसवलंय ना?" बसायच्या आधीच त्यांनी विचारलं.

आमच्या आत्याच्या ओळखीतून पत्ता काढत ते केळवलीपर्यंत आले होते. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. डाव्या गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला गाठ. आधी कुठल्यातरी दवाखान्यात पू झालाय असं समजून चीर दिली, आतलं खरवडून काढलं, टाके घातले. महिनाभरात जखम उघडली, गाठ दुप्पट. मग परळ. केमोचे डोस झाले आणि आता डॉक्टर म्हणत होते की पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल.

"तुमचा वाचवला ना त्यांनी? मग माझ्या पोराचा का नाय वाचवत? पैशाचं असंल तर मी जमीन काढतो."

आईनं चहा आणून ठेवला. ते माझ्या पायाकडे बघत होते. सलवारीच्या आत असलेला पाय, वरून अगदी कुणाच्याही पायासारखा. मी त्यांना लगेच काही सांगू शकले नाही. पुढचे दोन तास जे तुकड्या-तुकड्यांत सांगितलं, आणि जे सांगायचं टाळलं, ते इथे लिहिते आहे.

२०१२ च्या जुलैत मी सतरा वर्षांची होते. बारावी सायन्स, कॉलेज कर्जतला. खोपोलीहून येणारी लोकल केळवलीला पकडायची, मध्ये एक पळसदरी, की कर्जत. सुट्टीच्या दिवशी शेतात. आमची जमीन थोडी, पण लावणी घरच्याच माणसांनी व्हायची. आवण उपटायचं, मुठी बांधायच्या आणि कमरेत वाकून चिखलात लावत मागे मागे सरकायचं. त्या वर्षी लावणी आटोपली आणि उजवा गुडघा दुखायला लागला. सगळ्यांचंच काही ना काही दुखत होतं, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही. लावणीनं गुडघा धरला, एवढंच.

बाकीच्यांचं दुखणं झोपल्यावर थांबायचं, माझं झोपल्यावर सुरू व्हायचं. हा फरक मला तेव्हा कळला नाही. आता कुणी मुलाचा गुडघा रात्री ठणकतो म्हणालं की मी पहिलं वाक्य बोलते, एक्स-रे काढा. शंभरातल्या नव्व्याण्णवांना काही निघणार नाही, काढा तरी.

माझा एक्स-रे निघायला तीन महिने गेले. दोन महिने गोळ्या आणि इंजेक्शनं. मग एका हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं गरम तेलानं गुडघा असा रगडला की मी किंचाळले आणि तो म्हणाला, "शीर मोकळी झाली." अशा गाठीला चोळू नये, हे मला पुढे परळला समजलं. त्या माणसावर माझा राग नाही. शेजारणीच्या मुलाचा निखळलेला खांदा त्यानं खरोखर बसवला होता. पण निखळलेला सांधा आणि हाडातून उगवलेलं काहीतरी यांतला फरक हातांना कळत नाही.

ऑक्टोबरात एकदाचा एक्स-रे निघाला. मांडीच्या हाडाचं खालचं टोक पांढुरकं, धूसर, आणि कडेनं सूर्याच्या किरणांसारख्या रेघा बाहेर पडलेल्या. चित्रात उगवता सूर्य काढतात तसं. मला ते सुंदर वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. डॉक्टर मात्र माझ्याकडे न बघता वडिलांना म्हणाले, "उद्याच्या उद्या टाटाला जा."

आमच्या भागात 'टाटा' म्हणजे खोपोलीचं पॉवर हाउस. १९१५ पासून लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी मोठ्या पाइपांतून घाट उतरून तिथे येतं आणि मुंबईला वीज जाते. आजोबांनी तिथे काही वर्षं हंगामी काम केलं होतं. आजीला वाटलं, पोरीला पॉवर हाउसवर कशाला नेतायत. परळचा टाटा वेगळा हे तिला समजावलं, तेव्हा ती एकदम गप्प झाली. परळच्या टाटाला कोण जातं, ते तिलाही माहीत होतं.

तिथे नाव मिळालं, ऑस्टिओसार्कोमा. हाडाचा कर्करोग, बहुतेक करून वाढीच्या वयात होणारा. गुडघ्याच्या वरचं मांडीचं टोक आणि गुडघ्याच्या खालचं नडगीचं टोक, याच दोन जागा त्याला सर्वांत जास्त आवडतात, कारण वयात येताना हाड सर्वांत भराभर तिथेच वाढतं. म्हणजे उंच होण्याची जागा आणि या रोगाची जागा एकच. मी त्या वर्षभरात दोन इंच वाढले होते, सगळे कौतुक करत होते.

आमचं राहायचं ठिकाण दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. तिथे कोण कुठल्या राज्यातून आलंय याला महत्त्व नसतं, कोणाचा कितवा डोस चालू आहे याला असतं. माझ्या ओळखीच्या चार मुलांच्या पायांत तेव्हा हाच रोग होता आणि चौघांचे उपाय चार तऱ्हांचे. एकाचं हाड बाहेर काढून, गाठ साफ करून, त्या हाडाला किरणांचा एकच जबरदस्त डोस देऊन तेच हाड परत बसवलं होतं. नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीचा गुडघा काढून, खालचा पाय उलटा फिरवून वर जोडला होता. म्हणजे पाऊल मागे तोंड करून, आणि घोटा गुडघ्याचं काम करणार. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंड फिरवलं. पुढे तीच मुलगी कृत्रिम पाय लावून धर्मशाळेच्या जिन्यात धावायची आणि तिची आई मागून ओरडायची. तिसऱ्याचा पाय काढला होता. चौथी मी.

चार उपाय कशामुळे, हे मला वॉर्डात एका शिकाऊ डॉक्टरनं सांगितलं. आधी रोग पूर्ण निघतो का ते बघायचं, कडेनं निरोगी मांसाचं आवरण ठेवून. मग पायाकडे रक्त नेणारी मोठी धमनी आणि मुख्य नस सुटी राहते का ते बघायचं. तिथपर्यंत सगळं जमलं तर मागे राहिलेला पाय उपयोगाचा असेल का, हा प्रश्न. क्रम असाच, उलटा नाही.

माझी धमनी सुटी होती. म्हणून माझं 'लोखंड'.

ऑपरेशनच्या आधी केमोचे तीन डोस झाले. त्यातलं एक औषध लालभडक, सरबतासारखं. ते शिरेत जाताना बघायचं नाही असं सगळ्या बायका एकमेकींना सांगायच्या. केस गेले, तोंड आलं, आईनं केलेल्या मऊ भाताचाही वास नको झाला. मला एकच कळत नव्हतं. गाठ पायात आहे, ती आज कापून टाकता येते, मग तीन महिने थांबायचं कशाला?

याचं उत्तर मला फार नंतर वाचनात मिळालं आणि तेव्हापासून ते मला विसरता येत नाही. १९७० च्या आधी या रोगाला पाय कापणं हाच उपाय होता, आणि पाय कापूनही पाचातले चार रुग्ण दगावायचे, कारण गाठ दिसायच्या आधीच रोगाचे कण फुप्फुसांत पोचलेले असत. मग औषधं आली. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या मेमोरिअल स्लोन-केटरिंग रुग्णालयात जेरल्ड रोझेन आणि राल्फ मार्कोव्ह हे डॉक्टर पाय न कापता गाठीचं हाड काढून धातूचं बसवायला बघत होते. धातूचं हाड प्रत्येकाच्या मापाचं बनवून घ्यावं लागे, त्याला दोन-तीन महिने लागत. तेवढा वेळ रोग थोडाच थांबणार? म्हणून सांधा कारखान्यातून येईपर्यंत औषधं चालू ठेवली. ऑपरेशननंतर काढलेलं हाड तपासलं तर बऱ्याच जणांच्या गाठी आतून मेलेल्या निघाल्या. सांध्याची वाट बघताना भरलेला तो वेळ हळूहळू उपचाराचा पाठ होऊन गेला. आज जगभर आधी केमो, मग ऑपरेशन. सांधे आता सुटे भाग जोडून तयार मिळतात, वाट बघावी लागत नाही, तरी क्रम तोच राहिला. माझे तीन महिने असे कुठल्यातरी लोहारकामाच्या उशिरामुळे ठरले होते.

धातूचं हाड बसवण्याची कल्पना त्याहूनही जुनी. १९४० साली अमेरिकेत ऑस्टिन मूर आणि हॅरल्ड बोलमन यांनी एका रुग्णाच्या खुब्यातली गाठ काढून मांडीच्या वरच्या टोकाला धातूचा तुकडा बसवला. नंतर इंग्लंडमध्ये स्टॅनमोरच्या रुग्णालयात गुडघ्याकडच्या हाडांसाठी असे मोठे सांधे बनू लागले. आपल्याकडे ते पोचले, पण किमती काही लाखांत, आणि मापं गोऱ्या देहांची. आपल्या माणसांची हाडं लहान, पोकळी अरुंद. त्यावर मुंबईतच काम झालं. टाटा रुग्णालयाचे हाडांचे सर्जन, पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक बी. रवी यांचा गट आणि हैदराबादची एनएफटीडीसी ही धातूंवर संशोधन करणारी संस्था, यांनी मिळून भारतीय मापाच्या सांध्यावर कित्येक वर्षं घालवली. देशात बनलेले सांधे परदेशी सांध्यांच्या किमतीच्या एका अंशात मिळू लागले. ते सुरुवातीला मोडायचेही. मोडलेले सांधे काढून, का मोडले ते बघून, पुन्हा नवे बनवायचे. हे वाचताना मला आमच्या गावातला नांगराचा फाळ आठवतो, मोडला की लोहाराकडे, लोहार म्हणणार, पुढच्या वेळी इथे जाड ठेवतो. फरक एवढाच की हा फाळ माणसाच्या आत मोडतो.

पैशांचं सांगितलं पाहिजे, कारण त्या गृहस्थांनी जमीन काढायची भाषा केली होती. २ जुलै २०१२ ला, म्हणजे माझा गुडघा दुखायला लागला त्याच महिन्यात, राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यात सुरू झाली. पहिल्या टप्प्यात आठच जिल्हे होते आणि त्यांत रायगड होता. केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाख. पुढे तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना झालं. आम्ही रायगडऐवजी शेजारच्या पुणे किंवा ठाणे जिल्ह्यात असतो तर त्या साली ती आम्हाला मिळाली नसती, हे मला नकाशा बघताना नेहमी आठवतं. दीड लाखात सगळं मावलं नाहीच. काही समाजसेवा विभागानं ट्रस्टांकडून उभं केलं, उरलेल्यात एक म्हैस आणि आत्याच्या पाटल्या गेल्या.

ऑपरेशन जानेवारीत झालं. संमतीपत्रावर एक ओळ होती: आत गरज वाटल्यास पाय काढावा लागेल. मी अठराची झाले नव्हते, सही वडिलांची. त्यांनी ती ओळ वाचून घेतली, पुन्हा वाचून घेतली, आणि डॉक्टरना विचारलं, "तसं झालं तर तिला कोण सांगणार?" डॉक्टर म्हणाले, "मी सांगेन." मग त्यांनी सही केली. मला हे आईनं पाच-सहा वर्षांनी सांगितलं.

शुद्धीवर आले तेव्हा कमरेखाली काही कळत नव्हतं. मी कुणाला विचारलं नाही. नर्स दुसरीकडे वळल्यावर चादर ओढली आणि बोटं मोजली. पाच.

मांडीच्या हाडाचा खालचा सतरा सेंटिमीटरचा तुकडा, गुडघ्यासकट, गेला होता. त्या जागी कोबाल्ट-क्रोम आणि टायटॅनियमचं मिश्रण. वरच्या उरलेल्या हाडाच्या पोकळीत एक दांडा, खाली नडगीत दुसरा, दोन्ही हाडाच्या सिमेंटनं पक्के केलेले, आणि मधे बिजागरी. अगदी दाराच्या बिजागरीसारखी. तिच्यात प्लास्टिकचं बुश असतं, धातूवर धातू घासू नये म्हणून. बिजागरी किंचित वळते सुद्धा. ती अजिबात न वळणारी असेल तर वळताना सगळा पीळ दांड्यावर येतो आणि दांडा सैल होतो किंवा मोडतो.

काढलेलं हाड तपासायला गेलं. त्या हाडातल्या गाठीचा किती भाग केमोनं मेलाय ते टक्क्यांत मोजतात. ९० किंवा जास्त आले तर औषधांचा चांगला परिणाम झाला असं धरतात. माझ्या मैत्रिणी त्या वेळी बारावीच्या परीक्षेच्या तयारीत होत्या, मी या निकालाची वाट बघत होते. ९४ आले. वडिलांनी धर्मशाळेत पेढे वाटले, आणि ज्यांच्या मुलाचे ७० आले होते त्यांनीही ते घेतले. त्यांच्या हातावर पेढा ठेवताना वडिलांचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलंय.

घरी आल्यावर आजीनं पहिला प्रश्न विचारला, "हाडाचं काय केलं?" आम्ही म्हटलं, तपासायला ठेवलं. ती म्हणाली, "अस्थी अशी टाकून देत नाहीत. तिची सोय करायला पाहिजे." सगळे हसले. ती हसली नाही. पुढच्या अमावास्येला ती एकटीच नदीवर गेली आणि पाण्यात हळद-कुंकू, तांदूळ असं काहीतरी सोडून आली. माझा एक तुकडा तिच्या हिशेबात आधीच मार्गी लागलाय. उरलेलीच्या वेळी राखेत हा धातू तसाच निघेल. स्मशानातल्या माणसाला काय वाटेल, असा विचार कधीकधी येतो.

हे सगळं ऐकताना त्या गृहस्थांचा चहा थंड झाला होता. "पण तुम्ही चालता," ते म्हणाले. म्हणून मी उठले आणि त्यांना चालून दाखवलं. ओटीवरून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. मग म्हटलं, आता बघा, आणि पाटावर बसायचा प्रयत्न केला. उजवा पाय पुढे लांब पसरल्याशिवाय मला खाली बसता येत नाही. उठताना आईचा हात लागतो.

आपलं अर्धं आयुष्य जमिनीवर असतं हे जमिनीवर बसता येईनासं झाल्यावर समजतं. पंगत, पूजा, भाजी निवडणं, तांदूळ पाखडणं, गौरीपुढे रांगोळी, मयताच्या घरी बसणं. मयताच्या घरी सगळ्या बायका खाली आणि मी एकटी खुर्चीवर, सासूबाईंसारखी, हे मला बारा वर्षांनीही जमत नाही. शौचकूप बदलून घ्यावं लागलं. लावणीला मी बांधावर उभी राहून चहा देते. चिखलात उतरायची परवानगी नाही, कारण पाय घसरून पडले तर मोडतं ते सिमेंटच्या वरचं उरलेलं हाड. दाढ किडली, पायाला काटा लागला, साधं गळू झालं, तरी पोटात गोळा येतो. शरीरातला कुठलाही जंतू रक्तातून धातूवर जाऊन बसला तर तिथून त्याला हाकलणं फार अवघड, कारण धातूत रक्त नाही, रक्त नाही तिथे औषधही पोचत नाही. असे पाय कर्करोग बरा झाल्यावर, आठ-दहा वर्षांनी, जंतुसंसर्गामुळे काढावे लागलेले मला माहीत आहेत.

लग्नाचं एका वाक्यात सांगते: दोन ठिकाणी फिसकटलं, तिसऱ्या ठिकाणी मी नको म्हटलं.

कल्याणला एका पतसंस्थेत हिशेब लिहायची नोकरी करते. कर्जतहून लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात बसते, त्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही मुभा असते. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, "तुम्हाला काय झालंय?" आधी मी कार्ड दाखवायचे. मग सांगायला लागले. आता कंटाळा आला की नुसतं, "आतून," म्हणते. याच डब्यात नेरळला एक जण चढतात, पन्नाशीचे, महापालिकेत नोकरी. त्यांचा पाय मांडीतून गेलेला आहे, रेल्वेच्या अपघातात. कृत्रिम पाय लावून ते माझ्यापेक्षा भराभर चालतात. दादरचा पूल चढताना मी कठडा धरून एकेक पायरी, आणि ते वर पोचून मागे वळून माझी थट्टा करणार. पाय मोडला की ते दुरुस्तीला देतात आणि दुपारी परत आणतात. मला ते म्हणतात, "तुमचं गॅरेज लई महाग."

आणि माझं गॅरेज जवळ आलंय. वर्षभर गुडघ्यातून 'खट्' असा आवाज येतो, पाय बाजूला किंचित हलतो. बुश झिजलंय. बारा वर्षं चाललं, म्हणजे चांगलंच चाललं, असं डॉक्टर म्हणाले. सांधा तोच राहील, उघडून नवं बुश घालायचं. छोटं ऑपरेशन. पण पुन्हा उघडायचं म्हणजे पुन्हा जंतूंना दार, आणि मी दोन तारखा पुढे ढकलल्यात. हे मी त्या दिवसापर्यंत घरातही बोलले नव्हते. त्या गृहस्थांनी विचारलं, "हे बसवलं की जन्मभराचं ना?" आणि मी म्हटलं, "नाही." स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

मग आम्ही एक्स-रे काढले. माझा आणि त्यांच्या मुलाचा एमआरआय. खिडकीशी धरून बघितले. मी डॉक्टर नाही, पण इतक्या वर्षांत काय बघायचं ते कळायला लागलंय, आणि त्यांच्या कागदावर लिहिलंच होतं. गाठीनं मागची धमनी वेढलेली. पहिल्या चिरेमुळे रोग आजूबाजूच्या मांसात, कातडीत पसरलेला. नडगीच्या वरच्या टोकाला मुळातच मांस कमी, धातू झाकायला जागा नाही. मी त्यांना बोटानं दाखवलं, ही तुमच्या पोराच्या पावलाला रक्त नेणारी वाट, ती गाठीच्या पोटातून जाते. पाय वाचवायचा तर गाठीचा काही भाग आत ठेवावा लागेल.

"थोडासा राहिला तर?" ते म्हणाले.

हा प्रश्न ते कुठल्याच डॉक्टरला विचारू शकले नसणार. मी म्हटलं, थोडासा राहत नाही.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मला टेरी फॉक्स आठवत होता. कॅनडाचा मुलगा, याच रोगानं १९७७ साली उजवा पाय गेला, तेव्हा अठरा वर्षांचा. १९८० साली कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. ही गोष्ट मी शाळेतल्या मुलांना दोनदा सांगितली आहे. पण ती धाव थांबली कारण रोग फुप्फुसांत परत आला होता, आणि पुढच्या वर्षी तो गेला. एका बापाला अर्धीच गोष्ट कशी सांगायची? मी ती सांगितलीच नाही. नेरळच्या काकांचा नंबर मात्र दिला, त्यांना आधी विचारून.

मी एवढंच सांगितलं की पाय काढलेल्यांची आणि धातू बसवलेल्यांची जगण्याची शक्यता सारखीच असते, रोग नीट निघाला असेल तर. लोकांना वाटतं माझा पाय वाचला म्हणून मी वाचले. दोन्हींचा एकमेकांशी तसा संबंध नाही. धर्मशाळेतल्या आम्हा चौघांपैकी आज तिघं आहोत. पाय काढलेला मुलगा नाशिकला मोबाईलचं दुकान चालवतो. गेला तो हाड परत बसवलेला, आणि त्याचा पाय शेवटपर्यंत उत्तम होता.

हे शेवटचं वाक्य मी बोलून गेले आणि वाटलं, बोलायला नको होतं. पण त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्या पायाकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

ते निघाले तेव्हा पाऊस थांबला होता. पिशवी पुन्हा पोटाशी. आई दारात म्हणाली, "पोराला एकदा घेऊन या, भेटवायला." ते हो म्हणाले. त्या रात्री आई माझ्याशी बोलली नाही. सकाळी डब्याबरोबर माझी फाईल काढून ठेवलेली होती, वर चष्म्याच्या घरानं दाबलेली. मी कल्याणहून फोन केला आणि तारीख घेतली, दिवाळीनंतरची.

गणपतीच्या आधी तीन दिवस त्यांचा फोन आला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. ते दादरला धर्मशाळेच्या बाहेर उभे होते, मागून गाड्यांचा आवाज येत होता. सही केली म्हणाले. पोरगं शांत आहे म्हणाले, नेरळवाल्या काकांनी त्याला फोनवर पाय काढून दाखवला, तर हसलं. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं,

"ताई, त्या पायाचं ते काय करतात?"

मला आजी आठवली. मी म्हटलं, "तपासायला नेतात. आतली गाठ औषधानं किती मेली ते बघतात. दोन-तीन आठवड्यांत रिपोर्ट येतो. त्यात टक्के लिहिलेले असतात, नव्वदच्या वर आले तर चांगलं."

"थांबा," ते म्हणाले. फोन कुणाच्या तरी हातात दिल्याचा आवाज आला, मग पिशवीची खसखस. "पेन घेतो. किती बोललात?"

"नव्वद."